लोंबत्या नाडीचा सुपरमॅन

'चित्रपट तसा काही धड नव्हता, पण मजा आली.' हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा ऐकू येते! ते उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा अपराधी भाव असतो. मजा आली ही गोष्ट जणू कबूल करण्याची आहे, आणि चित्रपट धड नव्हता ही त्या कबुलीची भरपाई. आमच्या मते या वाक्यातील 'पण' या अव्ययाकडे मराठी चित्रपटसमीक्षेने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. चित्रपट सदोष आहे आणि तो पाहताना आनंद झाला, ही दोन्ही विधाने खरी असतील तर त्याला चांगला म्हणावे की म्हणू नये? ज्या पालकांना रविवारची मिस्सा आटोपल्यावर दुपारी मुलांबरोबर हाणामारीचा एखादा चित्रपट पाहावा लागतो, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न अगदीच पुस्तकी नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्हांला दूर जाण्याची गरज वाटत नाही. धुळ्याहून आग्रा रोडने मुंबईकडे निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरवर मालेगाव लागते. जिल्हा नाशिकचा, परंतु ज्या गिरणेच्या काठी ते वसले आहे तीच पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते व तापीला मिळते, आणि परिसरातील खेड्यांत अहिराणीच कानी पडते. यंत्रमागांच्या या गावी शुक्रवारी माग बंद असतात व कामगार चित्रपटगृहांपुढे गर्दी करतात. येथे नासिर शेख नावाच्या एका तरुणाचे व्हिडिओ पार्लर होते. चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांच्या चित्रफिती पाहता पाहता आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जोडता जोडता तो संकलन शिकला, आणि २००० साली त्याने सुमारे पन्नास हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. मूळ 'शोले'ला तीन कोटींच्या आसपास खर्च आला होता असे सांगतात. मालेगावच्या दरोडेखोरांना घोडे परवडणारे नव्हते. ते सायकलींवरून आले.

पुढे याच मंडळींनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. त्या चित्रपटाच्या घडणीवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि तो २०१२ मध्ये आपल्याकडील चित्रपटगृहांतही लागला. मालेगावचे नाव त्या काळात २००६ व २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे वर्तमानपत्रांत येत असे. या माहितीपटामुळे ते प्रथमच हसऱ्या चेहऱ्याने जगासमोर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा कथापट याच मित्रमंडळीवर आधारलेला आहे. त्यामुळे आमच्या वाचकांपैकी अनेकांना ही नावे आता परकी नसावीत.

मालेगावचा सुपरमॅन होता शफिक शेख, यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण. निळ्या सदऱ्यावर तांबडी चड्डी, आणि त्या चड्डीची पांढरी नाडी समोर लोंबते आहे. ही नाडी आम्हांला फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ. हा सुपरमॅन दम्याने बेजार आहे. त्याचा शत्रू कुणी ग्रहावरून आलेला राक्षस नव्हे; तंबाखू आणि गावातील घाण हेच त्याचे शत्रू, आणि घाणीवर मनापासून प्रेम करणारा खलनायक त्याच्या वाट्याला आलेला. उड्डाणासाठी ट्रकवर हिरवे कापड ताणले, त्यापुढे शफिकला आडव्या दांड्यावर लटकवले आणि ट्रक हाकला. कॅमेरा सरकता ठेवायचा तर सायकल, आणि वर उचलायचा तर बैलगाडी. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला. मध्येच नायकाचे लग्न निघाले आणि चित्रीकरण थांबले.

दोष पाहू गेल्यास पुष्कळ आहेत. उड्डाणात माणूस आणि आकाश एकमेकांना ओळखत नाहीत. मारामारीत ठोसा लागत नाही, आवाज मात्र लागतो. विनोद कधी कधी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतो. तरीही हा सुपरमॅन हवेत आडवा झाला की हसू आवरत नाही, आणि हसता हसता त्याच्याविषयी एक विलक्षण आपुलकी वाटू लागते.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. 'बिचाऱ्यांनी एवढ्याशा पैशांत केले, दिवसभर मागावर राबून केले, म्हणून चांगलेच म्हटले पाहिजे' हा तो मोह. हे औदार्य वरवर ख्रिस्ती वाटते. वस्तुतः त्यात उपमर्द आहे. करणाऱ्याची गरिबी हा कलाकृतीचा गुण होऊ शकत नाही. आपल्या धर्मग्रामांतून आपण असे औदार्य फार दाखवतो, आणि तेही सोयीने. 'करुणामयुडु' हा १९७८ चा तेलुगू चित्रपट हिंदीत 'दयासागर' या नावाने आला आणि देशभर गावोगावी पडदा लावून दाखवला गेला. त्यातील भडक रंगभूषा, पौराणिक चित्रपटांच्या वळणाची संवादफेक, जागच्या जागी थबकणारी कथा यांकडे आपण कधी बोट दाखवले काय? विषय प्रभूचा होता, म्हणून तो चांगला. त्याच तोंडाने आपण मुलाला सांगतो की त्याचा आवडता मारधाडीचा चित्रपट टुकार आहे, कारण त्यात गाडी पुलावरून उडी मारते. दोष एका ठिकाणी भक्तीने झाकायचे आणि दुसऱ्या ठिकाणी शिस्तीने मोजायचे, ही समीक्षा नव्हे. 'दयासागर'ने अनेकांच्या डोळ्यांत खरे अश्रू आणले, यात शंका नाही. पण मग ते अश्रू आणि शुक्रवारच्या खेळाचे ते हसू यांना एकाच तराजूत तोलण्याची तयारी हवी.

करमणुकीविषयी आपल्या परंपरेची भूमिका समजली जाते तितकी कडू नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, एकशे अडुसष्टाव्या प्रश्नाखाली, खेळ आणि थट्टामस्करी यांचा विचार केला आहे. तेथे ते संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असल्याचे पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुनःपुन्हा सोडायला सांगितले, आणि मग विचारले की असे सतत करता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाचे उत्तर होते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या भिल्ल व पावरा कुटुंबांना या गोष्टीचे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नाही. काम नसताना धनुष्याची दोरी उतरवून ठेवावी हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. अक्वायनस यापुढे जाऊन म्हणतात की नटाचा व्यवसाय स्वतःहून पापाचा नाही, आणि कधीही न हसणारा, इतरांच्या आनंदावर विरजण घालणारा माणूस हा देखील दोषीच होय. तेराव्या शतकातील हे मत आपल्या काही परिषदांच्या व्यासपीठांवर अजून पोहोचायचे आहे.

चित्रपटाच्या बाबतीत मात्र ख्रिस्तसभेने दीर्घकाळ याद्यांवर भर दिला. अमेरिकेतील कॅथोलिकांनी १९३० नंतरच्या दशकात 'लीजन ऑफ डीसन्सी' स्थापून चित्रपटांची वर्गवारी सुरू केली. पोप अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ च्या 'विजिलांती कुरा' या परिपत्रकात त्या कार्याची प्रशंसा केली आणि इतर देशांतही अशा याद्या निघाव्यात असे सुचवले. या याद्यांचा उद्देश समजण्यासारखा होता. परंतु कोणता चित्रपट पाहू नये हे सांगणे निराळे आणि कोणता चित्रपट चांगला हे सांगणे निराळे. निषिद्धांच्या यादीत नाव नाही एवढ्याने चित्रपट चांगला ठरत नाही. १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनच्या समाजसंपर्क मंडळाने पंचेचाळीस चित्रपटांची जी यादी काढली ती म्हणूनच वेगळी वाटते. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग आहेत, आणि कलेच्या भागात जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' आहे: घोडागाडी, पाठलाग, बंदुका, आणि सुडासाठी निघालेला नायक. त्याच भागात सोने पळवणाऱ्यांवरचा 'द लॅव्हेंडर हिल मॉब' आहे, आणि चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स'ही. यंत्राच्या चाकांत सापडलेला तो कामगार मालेगावच्या मागवाल्यांना वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

याहून गमतीची गोष्ट २०१० ची. 'द ब्लूज ब्रदर्स' (१९८०) या अमेरिकन चित्रपटाला तीस वर्षे झाली तेव्हा 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने तो कॅथोलिक चित्रपट असल्याचे प्रशस्तिपत्र दिले. तुरुंगातून सुटलेला एक भाऊ व त्याचा दुसरा भाऊ, ज्या अनाथालयात वाढले त्याचा पाच हजार डॉलरांचा कर भरण्यासाठी आपला जुना वाद्यवृंद पुन्हा जमवतात आणि त्या भरात पोलिसांच्या मोटारींचा चक्काचूर करीत सुटतात. चित्रपट अघळपघळ आहे. अर्ध्या मोटारी वाचवल्या असत्या तर तो नेटका झाला असता. रोमच्या वृत्तपत्राने शाबासकी दिली म्हणून तो चांगला झाला असेही नव्हे. परंतु त्या दोघा उनाडांना ज्या सिस्टरने छडी मारून वाढवले तिचे घर वाचवायचे आहे, ही एक गोष्ट चित्रपट शेवटपर्यंत विसरत नाही. बाकी सारा गोंधळ त्या एका खुंटीला टांगलेला आहे, म्हणून तो सहन होतो.

तेव्हा दोषादोषांत फरक आहे. साधन अपुरे पडल्याने राहिलेला दोष एक असतो. हात आखडता घेतल्याने किंवा निष्काळजीपणाने आलेला दुसरा. आणि तिसरा, सर्वांत जड, नजरेतला. पहिल्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. १९१७ साली दादासाहेब फाळके यांच्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या, कारण स्त्रिया मिळत नव्हत्या. सीतेचे पुरुषी दंड प्रेक्षकांना दिसत नव्हते असे नाही. त्यांनी ते पाहिले, आणि सीता म्हणून हातही जोडले. प्रेक्षक दोष पाहत नाही असे समीक्षकाला वाटते. तो पाहतो, पण चित्रपटाने त्याला जे वचन दिले आहे ते पाळले जात असेल तर तो आपल्या बाजूने भर घालतो. मालेगावची नाडी याच जातीची. हॉलिवुडच्या सुपरमॅनला नाडी नसते, कारण त्याचे कपडे घातले कसे, हे कुणी विचारू नये अशी त्या चित्रपटाची इच्छा असते. मालेगावचा सुपरमॅन ती लपवीत नाही. आपण माणूस आहोत, चड्डी घसरू नये म्हणून ती बांधावी लागते, आणि तरीही आपण उडणार आहोत, असे तो म्हणतो. त्या नाडीने चित्रपटाचे काही बिघडत नाही. ती काढली तर मात्र बिघडेल.

'शोले'कडे पाहिले की गुंता वाढतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट आपल्या पिढ्यांनी इतका पाहिला आहे की त्यातील चुका ही एक स्वतंत्र करमणूक झाली आहे. सून संध्याकाळी एकेक कंदील मालवते, म्हणजे गावात वीज नाही. मग वीरू ज्या टाकीवर चढतो त्या उंच टाकीत पाणी चढते कसे? हा प्रश्न विचारून झाला की आपण पुन्हा चित्रपट पाहू लागतो. पण शेवटाचे काय? मुळात सलीम-जावेद यांच्या कथेत ठाकूर खिळे लावलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवून ठार मारतो, आणि रमेश सिप्पी यांनी तसे चित्रितही केले होते. आणीबाणीचे दिवस होते. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे परिनिरीक्षण मंडळाला मानवले नाही. मग शेवट नव्याने चित्रित झाला: ऐन क्षणी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण देतात आणि गब्बरला घेऊन जातात. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा कुठे त्या शेवटाला मोठा पडदा लाभला.

कलेच्या दृष्टीने बदललेला शेवट हा सरळ दोष आहे. तीन तास चढत गेलेला सूर ऐन समेवर येताना कुणी तरी तबला उचलून न्यावा तसे ते पोलिसांचे आगमन वाटते. तरीही संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात सुडाविषयी जे सांगितले आहे ते मनात ठेवून पाहिले, तर हाच सदोष शेवट आपल्या श्रद्धेला अधिक जवळचा ठरतो. येथे आम्ही बराच काळ अडखळलो, हे कबूल केले पाहिजे. सदोष शेवट म्हणजे चांगला शेवट, असे म्हणावे काय? आमचे उत्तर नाही असे आहे. त्या अधिकाऱ्यांना शत्रूवरील प्रेम अभिप्रेत नव्हते, सत्तेचा धाक अभिप्रेत होता. आणि ठाकूरच्या मनात क्षमा उगवलेली आपल्याला दिसत नाही, त्याचा पाय फक्त थांबवला जातो. शिकवण बाहेरून चिकटवली की ती खरी असूनही पडद्यावर खोटी दिसते. उलट मूळ शेवटात, शत्रू मेल्यावर ठाकूर ढसाढसा रडतो. सूड पुरा झाला आणि हाती काही लागले नाही, हे त्या रडण्यात आहे. त्यामुळे ख्रिस्ती प्रेक्षकाने कोणता शेवट पत्करावा हे सोपे नाही; आम्ही, नाइलाजाने का होईना, रडणाऱ्या ठाकूरच्या बाजूचे आहोत.

नजरेतला दोष म्हणजे काय, हे यावरून थोडे उमगावे. चित्रपट माणसाच्या वेदनेकडे कसा पाहतो, दुबळ्याला हसतो की दुबळ्याबरोबर हसतो, पराभूताला माणूस राहू देतो की नाही, हा प्रश्न ठोशांच्या संख्येने सुटत नाही. उत्तम छायाचित्रण, निर्दोष संकलन आणि कोट्यवधींचा खर्च असलेले असे मारपट आपण पाहिलेले आहेत की ज्यांत शत्रू म्हणून एक अख्खा समाज उभा केला जातो आणि तो चिरडला जाताना आपण टाळ्या वाजवाव्यात अशी व्यवस्था असते. त्यांत नाडी कुठेच लोंबत नाही. असे चित्रपट आम्ही वाईट मानतो, आणि त्यांतही मजा येते हे त्यांच्याविरुद्धचे आमचे मोठे गाऱ्हाणे आहे.

इंग्रजीत 'गुड बॅड बुक' अशी एक संज्ञा आहे. ती चेस्टरटनची, जॉर्ज ऑर्वेलने १९४५ साली त्याच नावाचा निबंध लिहून ती प्रसिद्ध केली. वाङ्मयीन डामडौल नसलेले, पण गंभीर पुस्तके विस्मृतीत गेल्यावरही वाचले जाणारे पुस्तक, असा तिचा आशय. चेस्टरटन १९२२ साली कॅथोलिक झाले; त्याच्या पुष्कळ आधी, १९०१ मध्ये, पोरासोरांच्या पेनी किमतीच्या साहसकथांची त्यांनी बाजू घेतली होती. ही संज्ञा उपयोगी आहे, परंतु आम्हांला ती पुरेशी वाटत नाही. 'वाईटांतला चांगला' असे म्हटले की तो चित्रपट पुन्हा मागच्या बाकावर बसतो.

मालेगावच्या चित्रपटाला मागच्या बाकावर बसवायचे नसेल तर त्याचे खरे दोषही सांगितले पाहिजेत. गावातील मुली या चित्रपटांत काम करीत नाहीत. नायिका बाहेरून आणावी लागते, आणि ती पडद्यावर पाहुणीसारखीच वावरते. ही उणीव पैशाची नाही. फाळक्यांच्या नाशिक जिल्ह्यात नव्वदएक वर्षांनंतरही ती उरावी याचे वाईट वाटते. अर्थात आपल्या नाताळच्या नाटिकांत मरियेची भूमिका सोडून मुलींना काय मिळते, हेही आठवलेले बरे. दुसरे असे की नायकाच्या किडकिडीत देहावरचे विनोद कधी कधी सोपे होतात. शफिक स्वतःच्या शरीराला हसतो तोवर आपण त्याच्याबरोबर असतो. कॅमेरा त्याला हसू लागला की आपली जागा बदलते. असे क्षण थोडे आहेत, पण आहेत.

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' पाहताना हे अधिक जाणवते. तो नेटका, हृद्य चित्रपट आहे. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह, शशांक अरोरा यांची कामे उत्तम आहेत, वरुण ग्रोवर यांचे लेखन जाणते आहे. मैत्रीतील दुरावा आणि लेखकाचा मान हे विषय त्यात मूळ माहितीपटाहून खोल गेले आहेत. तरी तो पाहून आम्ही घरी आलो आणि सायकलवर बसवलेला कॅमेराच आठवत राहिला. नेटक्या चित्रपटाने आम्हांला त्या मंडळींविषयी कळवळा दिला. त्यांच्या स्वतःच्या वेड्यावाकड्या चित्रपटाने कळवळा मागितलाच नव्हता. त्याने फक्त हसायला बोलावले होते.

शफिक शेख २०११ साली कर्करोगाने गेला. पडद्यावर ज्या तंबाखूशी तो झुंजला ती यंत्रमागांच्या खडखडाटात, बारा बारा तासांच्या पाळ्यांत कामगारांच्या गालात असतेच. हे कळल्यावर ते उड्डाण पुन्हा पाहिले. वाटले होते की आता हसू येणार नाही. ट्रक निघाला, हिरव्या कापडाच्या जागी मालेगावचे आकाश आले, शफिकने हात पुढे ताणले, आणि नाडी वाऱ्यावर उडू लागली, आम्ही हसलो. 'मालेगाव का सुपरमॅन' हा चांगला चित्रपट आहे असे आम्ही म्हणतो ते या दुसऱ्यांदा आलेल्या हसण्याच्या आधारावर.